हातात न आलेली वाढ

हेरिंग कोव्ह, मिशिगन
१५ फेब्रुवारी २००९

चि. इर्मा हिस,
थोरल्या भावाचे सरोवराकाठून अ. आ.

आजवर माझ्या हातून झालेल्या वस्तू अशा: वाफेने न्हाण्याच्या चार सौना, त्यांतली एक जळाली ती मालकाच्या आळसाने, नऊ वल्ह्यांच्या नावा आणि एक शिडाची, आईची शवपेटी, तुझ्या लग्नातलं टेबल, ज्याचा पाय एइनारने नाचताना मोडला आणि मी नवा बसवला, चर्चच्या जिन्याचा कठडा, स्वतःसाठी दाताची एक कवळी, जी दोन दिवस टिकली, आणि या पाकिटात घातलेला तुम्हा नवराबायकोचा सन २००८ चा आयकराचा अर्ज. यांतलं काहीही शिकायला मी कुठल्या शाळेत गेलेलो नाही. कवळी सोडली तर कशाचीही तक्रार आलेली नाही.

आता अर्जाबद्दल. तू वाचणार नाहीस हे मला ठाऊक आहे, तरी लिहितो. तुझ्या सासूच्या जमिनीचे आलेले ऐंशी हजार डॉलर दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला महागाईशी बांधलेल्या सरकारी रोख्यांत घालायला लावले. भाव वाढले की रोख्याचं मुद्दल वाढतं, भाव पडले की घटतं. वाढ हातात पडते ती मुदत संपल्यावर, २०१७ साली. कर मात्र सरकार त्या त्या वर्षीच मागतं, हाती दमडी आलेली नसताना. सरकारकडून आलेल्या कागदावर गेल्या वर्षाची ही वाढ तीन हजार तीस डॉलर लिहिली आहे.

तेवढी अर्जात भरली, तर तुमचं उत्पन्न राज्याच्या औषधमदतीच्या मर्यादेवर साडेचारशेने जातं आणि एइनार ज्या गोळीवर जगतो ती बंद होते. तुझं मागचं पत्र वाचून मी लगेच अर्ज घेऊन बसलो ते याचमुळे. पण ऑक्टोबरपासून भाव कोसळतायत. उन्हाळ्यात चार डॉलरला मिळणारं पेट्रोल आता दोनच्या खाली आलंय. रोख्याचं मुद्दल दिवसागणिक उतरतंय आणि सरकार त्याचा रोजचा आकडा छापतं. जी वाढ आज उरलीच नाही तिच्यावर कर कसला? मी काल अर्ज पुरा केला तेव्हा कालच्याच तारखेचा आकडा धरला. खरी उरलेली वाढ निघते नऊशे एकोणऐंशी. तेवढीच भरली आणि का भरली ते वेगळ्या पानावर लिहून जोडलं. लाकूड ज्या दिवशी बसवायचं त्याच दिवशी मोजायचं असतं. उन्हाळ्यात मोजलेली फळी हिवाळ्यात ठोकणारा सुतार मी नव्हे.

या हिशेबाने तुम्ही मर्यादेच्या सोळाशेने आत आहात. दोघांनी सही करा, निळ्या शाईने नको, आणि एक प्रत औषधमदतीच्या कचेरीत द्या. बाबा कराचा अर्ज फेब्रुवारीच्या पुढे घरात राहू देत नसत. तूही ठेवू नकोस.

एइनारला म्हणावं, गोळी जेवणानंतर, कॉफीबरोबर नाही. त्याच्यावर आणि माझ्या अक्षरावर लोभ ठेव.

तुझा,
रेइनो

•

ड्युलूथ, मिनेसोटा
२४ फेब्रुवारी

ति. रेइनो यास,
इर्माचा सा. न. (वयाला नमस्कार आहे, स्वभावाला नाही.)

सह्या झाल्या, काळ्या शाईने. अर्ज गेला. औषधमदतीच्या कचेरीतल्या खिडकीवरच्या माणसाने आकडा बघितला, शिक्का मारला आणि मार्चची बाटली मंजूर केली. एइनारने ती हातात घेऊन खुळखुळ्यासारखी वाजवून बघितली. म्हणाला, रेइनोला गव्हर्नर करायला हवं, निदान विधानसभेच्या खुर्च्या तरी डुगडुगणार नाहीत. महिन्याला छत्तीसशे डॉलरची ती बाटली, रेइनो. आम्ही बाजारातून घ्यायची म्हटली तर दोन वर्षांत सासूबाईंची सगळी जमीन त्या बाटलीतून जाईल.

इकडची बातमी चांगली नाही. खनिजाच्या धक्क्यावर एक जहाज नाही. एइनारचे जुने सोबती सकाळी डबा घेऊन निघतात, दुकानात कॉफी पितात आणि परत येतात. घरी सांगितलेलं नसावं. शाळेच्या स्वयंपाकघरात माझे दिवस एप्रिलपासून पाचाचे तीन होतील, असं मुख्याध्यापिका जमिनीकडे बघत म्हणाल्या. दुकानात दूध स्वस्त, लोणी स्वस्त, समोरच्या घरावर विक्रीची पाटी. लोक म्हणतात, स्वस्ताई आली. मला ती जिना चढताना एखादी पायरी नसल्यासारखी वाटते.

आणि एक सांगायचं होतं. रागावू नकोस. चर्चच्या तळघरात निक्विस्टबाई दर बुधवारी लोकांचे अर्ज फुकट भरून देतात, माहीत आहेत ना, त्या निवृत्त मास्तरीण, केक कापताना पट्टी लावून कापतात त्या. मी त्यांना आपल्या अर्जाची प्रत दाखवली, मदत मागायला नव्हे, मिरवायला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, यात फेब्रुवारी कुठून आला? वर्ष डिसेंबरात संपतं, फेब्रुवारीतली घट फेब्रुवारीच्या वर्षाची. मी म्हटलं, माझा भाऊ असले नियम चारचारदा वाचतो. त्या म्हणाल्या, मग त्याला पाचव्यांदा वाचू दे.

तेव्हा मला हसू आलं. घरी पोचेपर्यंत ते गेलं. त्यांचं चुकतंय असं दोन ओळींत लिहून पाठव, म्हणजे मी झोपेन.

निसूचा गोड पाव भाजून पाठवते आहे, वेलदोडा जास्त पडलाय. लोभ आहेच, तो या पत्राने कमी करू नकोस.

तुझी,
इर्मा

•

हेरिंग कोव्ह
१ मार्च

चि. इर्मा हिस,
अ. आ., आणि निक्विस्टबाईंना काहीही नाही.

दोन ओळी मागितल्यास, घे. त्यांचं चुकतंय. केक पट्टीने कापणाऱ्या बाईला लाकूड काय कळणार?

जास्त सांगायचं तर, भाव पडले की करपात्र रक्कम कमी धरायची, हे सरकारच्याच पुस्तिकेत आहे. मी पान वाकवून ठेवलं होतं. सरकारी छापील कागदाची गंमत अशी की त्याला उणे आकडा लिहिताच येत नाही. भाव पडलेल्या वर्षी तो रकाना रिकामा ठेवून मोकळा होतो आणि घट ज्याची त्याने आपल्या डोक्याने वजा करायची. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. मला माहीत आहे. म्हणूनच मी ती वजा केली.

माझ्या घराला फोन नाही, म्हणून तुला तुमच्या गावात समोर बोललेलं सगळं खरं वाटतं आणि माझ्याकडचं पत्राने येतं म्हणून संशयाचं, हे मी समजू शकतो. तरी तुझ्या झोपेसाठी गुरुवारी हॉटनच्या वाचनालयात जातो. तिथे पूर्ण नियम आहेत, नुसती पुस्तिका नाही. पाचव्यांदा वाचतो. मग निक्विस्टबाईंना कार्ड पाठवायचं, त्यावर काय लिहायचं ते मी ठरवून ठेवलंय.

निसू पोचली. वेलदोडा जास्त नाही, पीठ कमी आहे. लोभ कसा असावा ते तुला सांगायला नको.

रेइनो

•

हेरिंग कोव्ह
६ मार्च

चि. इर्मा,
आशीर्वाद लिहायला हात होत नाही, तरी ते आहेत.

निक्विस्टबाई बरोबर आहेत.

नियम स्पष्ट आहे. वर्षाची वाढ पहिल्या जानेवारीपासून एकतीस डिसेंबरपर्यंतची. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली घसरण त्या तीन हजार तीसमधून सरकारने आधीच काढलेली होती. मी आणखी काढली ती या जानेवारी-फेब्रुवारीची. ती २००९ च्या अर्जात बसते. तिथे ती आधी या वर्षी हातात येणाऱ्या व्याजातून वजा होईल, व्याज संपून उरली तर मागच्या वर्षी ज्या वाढीवर कर भरला तिच्याइतकी इतर उत्पन्नातून. म्हणजे मिळेल, पण वर्षभराने. एइनारची गोळी रोजची आहे.

वाकवून ठेवलेल्या पानावर हे होतं. दोन ओळी खाली. मी तेवढ्या खाली गेलो नाही, कारण वर मला हवं ते सापडलं होतं.

वाचनालयातून बाहेर आलो आणि गाडीची किल्ली लागेना. अर्जाच्या शेवटी छापलंय की खोटं लिहिल्यास शिक्षा आहे हे जाणून मी सही करतो. तिथे माझी सही नाही, इर्मा. तुमची दोघांची आहे. आणि तोच अर्ज औषधमदतीच्या कचेरीत आहे, शिक्क्यासह. त्यांच्या दृष्टीने तुम्ही उत्पन्न लपवून छत्तीसशे डॉलरचं औषध घेतलंत.

काय करायचं हे मी अजून ठरवलेलं नाही. एइनारला सांगू नकोस. निदान मी पुन्हा लिहीपर्यंत नको.

लोभ ठेवशील तर माझ्यावर उपकार.

रेइनो

•

ड्युलूथ
१२ मार्च

रेइनो,
सा. न. वगैरे आज नाही.

तुझं पत्र मी पिठाच्या डब्यात लपवलं. मग आठवलं की एइनार कधीकधी स्वतः पॅनकेक करतो. म्हणून काढून शिवणाच्या टोपलीत ठेवलं, तिथून कोटाच्या खिशात, आणि आता ते अंगावर घेऊन मी शाळेत मुलांना बटाटे वाढते. टपालवाल्याची गाडी वळणावर दिसली की मी हातातलं काम टाकून दाराशी जाते. काल त्याने नुसतं बियाण्यांच्या दुकानाचं पत्रक टाकलं तर मी ते दोन्ही बाजूंनी वाचून काढलं.

तुझा मला राग आलाय. तू चुकलास म्हणून नाही. आई म्हणायची, रेइनोला विचारा, तो बघेल. आणि आपण सगळे आयुष्यभर रेइनोला विचारत आलो, आणि तू प्रत्येक वेळी बघितलंस, म्हणून यावेळी मी वाचलंच नाही. निदान एकदा तरी म्हणायचं होतंस की इर्मा, मला खात्री नाही. तू असं कधी म्हणालास तर मी ते चौकटीत बसवीन. चौकटही तूच करशील म्हणा.

डॉक्टरीणबाईंना मी सहज विचारतेय असं दाखवून विचारलं, की एखाद्याची गोळी काही आठवडे चुकली तर? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला पुढचं ऐकू आलं नाही. ऐकू आलं ते एवढंच की आजार वाट बघत बसलेला असतो.

मग मी विचार केला आणि तोच तुला विचारते. आपण गप्प राहिलो तर? पुढच्या वर्षी ही घट वजा होणारच आहे ना? यंदा जास्त वजा केली, पुढच्या वर्षी करायची नाही. दोन वर्षांचं मिळून सारखंच होतं. कुणाचं काय गेलं? सरकारचा एक पैसा बुडत नाही. मला माणूस जिवंत हवाय, रेइनो. अर्ज चुलीत गेला तरी चालेल.

एइनारला सांगितलेलं नाही. पण परवा मी बाटली उन्हाकडे धरून बघत होते आणि वळले तर तो मला बघत होता. मोजे शोधत असल्यासारखं केलं. मोजे पायात होते.

उत्तर लवकर दे. लोभाचं नंतर बघू.

इर्मा

•

हेरिंग कोव्ह
१९ मार्च

चि. इर्मा हिस,
घाबरलेल्या भावाचे अ. आ.

मला खात्री नाही. घे, चौकटीत बसव.

तू जे विचारलंस तेच मी स्वतःला विचारत होतो, तुझ्यापेक्षा जास्त वेळ. सोबतचा दुरुस्तीचा अर्ज मी पाकिटात घातला, काढला, पुन्हा घातला. एकदा तर चुलीचं दार उघडलं. दोन वर्षांचं मिळून सारखं होतं हे तुझं म्हणणं कराच्या बाबतीत जवळजवळ खरं आहे. फक्त औषधमदतवाले दोन वर्षं मिळून बघत नाहीत. ते एक वर्ष बघतात, आणि त्या वर्षाचा आकडा आपण त्यांना चुकीचा दिलाय.

आणि तो सापडेल. तीन हजार तीसचा कागद जसा तुमच्याकडे आला तसाच सरकारकडेही गेला आहे. त्यांचं यंत्र कधीतरी दोन्ही आकडे शेजारी ठेवेल. दिवाळखोरीची लाट आहे, माणसं कमी आहेत, कदाचित वर्ष जाईल, दीड वर्ष जाईल. तोपर्यंत एइनारने दीड वर्षाच्या गोळ्या घेतलेल्या असतील, आणि त्या सगळ्या परत मागतील. शिवाय विचारतील की तुम्हाला कधी कळलं. तेव्हा तू काय सांगशील? तुझ्या कोटाच्या खिशात माझं ६ मार्चचं पत्र आहे. आज आपण सांगितलं तर ती माझी चूक आहे. नंतर सापडली तर तुमची चोरी होईल.

दुरुस्तीच्या अर्जात वाढ पूर्ण भरली आहे. कराचा फरक तीनशे आठ डॉलर. तो मी मनीऑर्डरने जोडलाय, त्यावर वाद नको. १५ एप्रिलच्या आत गेला तर दंड लागत नाही. हे मी पुस्तिकेत वाचलं, मग पूर्ण नियमात वाचलं, मग सगळं घेऊन गावातल्या कर भरणाऱ्या माणसाकडे गेलो आणि त्याला वीस डॉलर देऊन वाचायला लावलं. तो म्हणाला, बरोबर आहे. आयुष्यात पहिल्यांदा मी माझ्या कामावर दुसऱ्याची नजर विकत घेतली.

वेगळ्या पानावर माझं निवेदन आहे: अर्ज मी केला, आकडा मी धरला, बहीण आणि मेव्हणा यांनी विश्वासाने सही केली. ते औषधमदतीच्या कचेरीत दे. तूच दे. मी येत नाही, कारण मी तिथे भांडेन, आणि तुला तिथे भांडण नकोय.

आधी एइनारला सांग. गोळी तो घेतो, त्याला न विचारता आपण ती पणाला लावू शकत नाही. मग जे दोघं ठरवाल ते. चुलीत घालायचं ठरलं तरी मी तुझा भाऊच आहे.

लोभ राहो न राहो, पत्र येत राहो.

रेइनो

•

ड्युलूथ
८ एप्रिल

ति. रेइनो यास,
इर्माचा सा. न., पहिल्यासारखा.

एइनारला सांगितलं. त्याला सगळं माहीत होतं. बायको पीठ चाळताना डब्याला टाळं असल्यासारखी उभी राहते म्हणजे पिठात काहीतरी आहे, एवढं धक्क्यावर तीस वर्षं काढलेल्या माणसाला कळतं म्हणे. तुझं पत्र त्याने तेव्हाच वाचलं होतं आणि घडी होती तशी ठेवली होती. मी रडले. तो म्हणाला, अर्ज दुरुस्त कर, मला चोरीच्या गोळीने ढेकर येतात. मग आम्ही दोघं हसलो आणि मी पुन्हा रडले.

दुरुस्तीचा अर्ज सह्या करून टपालात टाकला आणि काल औषधमदतीच्या कचेरीत गेले. एकटी. एइनारला ताप होता. चिरेबंदी खोली, टेबलावर मेणाचं रोप, पलीकडे थाओ नावाच्या बाई, माझ्याहून निम्म्या वयाच्या. मी बसायच्या आधीच बोलायला लागले. फेब्रुवारी, डिसेंबर, लाकूड, पेट्रोल, सगळं एकात एक. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि विचारलं की आम्ही काही पत्र पाठवलं होतं का तुम्हाला? मी म्हटलं, नाही. मग त्या म्हणाल्या, न बोलावता माणूस इथे चूक सांगायला आलाय असं त्यांनी पाहिलेलं नाही. ते ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण त्या लगेच जाड पुस्तक काढून वाचायला लागल्या. त्या वाचत होत्या तेवढा वेळ मी मेणाच्या रोपाकडे बघत होते आणि मनात एइनारच्या कपड्यांचं कपाट आवरत होते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

निकाल असा. मार्चची बाटली चुकीच्या आकड्यावर दिली गेली, तिचे छत्तीसशे परत करायचे, महिना पन्नास डॉलरने. फसवणूक धरणार नाहीत. तुझं निवेदन त्यांनी दोनदा वाचलं आणि विचारलं की हे गृहस्थ वकील आहेत का. मी म्हटलं, नावा करतात.

एप्रिलपासून पुढे मात्र मागच्या वर्षाचं उत्पन्न न बघता यंदाचं अपेक्षित उत्पन्न धरता येतं, जर ते खरोखर कमी झालेलं असेल तर. माझे दोन दिवस कमी झाले त्याचा शाळेचा कागद माझ्याजवळ होता. रोख्याचं विचारलं. मी तू लिहिलेलं सांगितलं, की यंदा भाव असेच राहिले तर घट व्याज खाऊन टाकेल आणि रोख्यावर दाखवायला काही उरणार नाही. त्यांनी आकडेमोड केली. आम्ही मर्यादेच्या आत बसलो. कामाचे दिवस गेले म्हणून नवऱ्याची गोळी मिळाली! बाहेर येऊन बसथांब्यावर मला इतकं हसू आलं की एक म्हातारा उठून दुसऱ्या बाकावर गेला.

पण हे कायमचं नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी. पहिली जुलैत. आणि वर्षअखेर भाव चढून रोख्याची वाढ पुन्हा उत्पन्नात आली आणि आम्ही मर्यादेबाहेर गेलो, तर यंदा घेतलेल्या सगळ्या गोळ्यांचे पैसे परत. हे थाओबाईंनी मला दोनदा म्हणायला लावलं, म्हणजे ऐकलं नाही असं नको.

तर जुलैपर्यंत श्वास घ्यायचा. एइनारचा ताप उतरलाय. तुझे तीनशे आठ मी विसरणार नाही. लोभ होता तिथेच आहे, शोधावा लागणार नाही.

इर्मा

•

ड्युलूथ
१३ एप्रिल

रा. रा. रेइनो हार्यू यांस,
एइनार सांडविकचा स. न. वि. वि.

मी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. म्हणजे कारण मोठं आहे एवढं समज. इर्मा शाळेत गेली आहे. हे तिला कळता कामा नये.

माझ्या खिडकीतून पेट्रोलपंपाची पाटी दिसते. सकाळी उठलो की आधी ती बघतो. गेल्या आठवड्यात आकडा तीन सेंटने चढला आणि मी घाबरून गेलो. खाली लोक खूश होते, कुणीतरी म्हणालं, आता कारखाने सुरू होणार, जहाजं येणार. माझे सगळे सोबती त्याच आशेवर जगतायत. मी एकटा खिडकीत बसून देवाला म्हणतो, अजून थोडे दिवस पडू दे. भाव पडले तर माझी गोळी टिकते आणि त्यांच्या चुली विझतात. अशी प्रार्थना करणारा माणूस किती दिवस जगावा, तूच सांग.

मला मरणाची भीती वाटते, नाही असं नाही. पण त्याहून मोठी भीती अशी की डिसेंबरात आकडा उलटेल, वर्षभराच्या गोळ्यांचं बिल येईल, ऐंशी हजारांतले निम्मे त्यात जातील, उरलेले पुढच्या गोळ्यांत, आणि मग मीही जाईन. इर्माच्या हातात तीन दिवसांची नोकरी आणि तुझं टेबल, एवढंच राहील.

म्हणून ऐक. रोखे माझ्या नावावर आहेत. ते सगळे मी तुझ्या नावावर करून देतो. बक्षीसपत्र, कायदेशीर, माझ्या सहीने. मग त्यांची वाढ-घट आमच्या अर्जात येणारच नाही. भाव कुठेही जाओत, आमचं उत्पन्न म्हणजे इर्माचा पगार आणि माझं निवृत्तिवेतन. जुलै काय, कुठलीच तपासणी अडवणार नाही. व्याज तू ठेव, तुझं छप्पर गळतंय असं इर्मा म्हणत होती. मुद्दल मी गेल्यावर तिला दे. लिहून देऊ नकोस, तू शब्द दिलास तरी पुरे. तुझ्यासारखा हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि अशा कामाला हट्टीच माणूस लागतो.

कागद आणवून ठेवले आहेत. फक्त हो म्हण. मेव्हण्यावर लोभ असू दे, त्याने तुझ्या टेबलाचा पाय मोडला तरी.

एइनार

•

हेरिंग कोव्ह
१७ एप्रिल

रा. रा. एइनार यांस, आणि शेजारी बसून वाचत असलेल्या इर्मालाही,
रेइनोचा स. न. वि. वि. आणि अ. आ., ज्याचं त्याने घ्यावं.

एइनार, पाकिटावर मी दोघांची नावं घातली आहेत. इर्माला कळू देऊ नकोस असं तू लिहिलंस. तुमच्या घरात एक पत्र पिठात लपलं आणि तिघंही महिनाभर भीतीने वाळलो. दुसरं लपवायची माझी तयारी नाही. तू आता तिच्याकडे बघत नसशील, बघ.

तुझं पत्र वाचल्यावर पहिल्यांदा मी काय केलं ते सांगतो. मी वर बघितलं, छपराकडे. व्याजात किती पत्रे येतील याचा हिशेब डोक्यात सुरू झाला होता, आणि तो मला चांगला जमत होता. मग मला स्वतःचीच इतकी भीती वाटली की मी बाहेर बर्फात जाऊन उभा राहिलो.

माझी कारणं. जुलैत थाओबाई विचारतील की रोखे कुठे गेले. मेव्हण्याला दिले. का दिले? याचं खरं उत्तर एकच आहे आणि ते सांगितलं की मदत बंद, न सांगितलं की पुन्हा खोटं. मदत टिकवण्यासाठी मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करणं म्हणजे लपवणंच, हे मी वाचलं आहे, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि दुसऱ्याकडून वाचून घेतलंही आहे. शिवाय मी पंचावन्न वर्षांचा, एकटा, कुऱ्हाड घेऊन काम करणारा माणूस. उद्या झाड माझ्यावर पडलं तर इर्माचे पैसे तिला परत मिळायला कोर्टात जावं लागेल, कारण तू तर लिहून देऊ नकोस म्हणालास. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, माझ्या खात्रीवर तुम्ही एकदा सही केलीत. दुसऱ्यांदा करू नका.

जुलैचं मला काही सांगता येत नाही. भाव चढतील की पडतील हे मला ठाऊक नाही, कुणालाच नाही. मी एवढंच करू शकतो की तपासणीच्या आदल्या दिवशी तुमच्याकडे येईन आणि इर्माबरोबर आत जाईन, तोंड बंद ठेवून. डिसेंबरात आकडा उलटला तर परत करायची रक्कम आपण तिघं मिळून भरू, पन्नास-पन्नास करत. मला भीती वाटते आहे, तुलाही वाटते आहे, इर्माचं तर विचारूच नकोस. ती तिघांत वाटून घेऊ, एकट्याने खिडकीत बसून नको.

पेट्रोलच्या पाटीकडे पाठ करून खुर्ची ठेव. धक्क्यावरच्या माणसांना कामं मिळोत असंच म्हण. तुझ्या तोंडी तेच शोभतं. गोळी जेवणानंतर.

लोभ आहे, तो वाढवायला आता जागा नाही, आहे तेवढा जपावा.

तुमचा,
रेइनो

ता. क. इर्मा, एइनार हे तुला आपल्या तोंडाने सांगणार नाही म्हणून मी लिहितो. त्याने तुमचे सगळे रोखे कायमचे माझ्या नावावर करून द्यायची तयारी दाखवली होती, १३ एप्रिलच्या भावाने त्र्याऐंशी हजार नऊशे सत्तावीस डॉलर. मी नको म्हटलं.